राखण कुणाची

शेवंताकाकीने मला माझ्या आईचं नाव विचारलं, त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की आता या घरात राहण्यात अर्थ नाही. तसा प्रश्न साधा होता. ती चुलीपुढं बसून बांगडे साफ करत होती, आणि मान वर न करता म्हणाली, "शिदू, तुझ्या आवशीचं नाव काय रे?" आमच्याकडं, जतच्या बाजूला, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की करणी करणारा माणूस आधी आईचं नाव काढून घेतो. बापाच्या नावावर करणी लागत नाही म्हणतात, कारण बापाची खात्री देव पण देत नाही. मी म्हणालो, "कशापायी वो?" तर म्हणते, "कशापायी म्हंजे? आवस हाय तर तिला नाव असंलच की." खोटं नाव सांगावं असं मनात आलं होतं, पण आयत्या वेळी जिभेवर खोटं येईना, आणि "मळव्वा" असं तोंडातून निघून गेलं. काकीने ते "मळवा, मळवा" असं दोनदा पुटपुटलं, पाठ केल्यासारखं, आणि बांगड्यांवर मीठ टाकलं. त्या रात्रीचं कालवण मी खाल्लं, पण आधी मांजराला घालून बघितलं.

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढं मामाबरोबर रत्नागिरीला चिरेखाणीवर आलो. तांबडा दगड यंत्राने कापून चिरे काढायचे, ते ट्रकात भरायचे, आणि रात्री अंगावरची तांबडी धूळ धुवायची, जी कधी पुरती निघत नाही. निघताना आईने बजावलं होतं की कोकणात कुणाच्या हातचं खाऊ नको, नखं कापलीस तर ती तिथं टाकू नको, आणि कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नको. बिचारीनं कोकण आयुष्यात बघितलं नव्हतं, पण कोकणाविषयी तिला सगळं माहीत होतं. खाणीवर मला ताप भरला. टोळी दुसऱ्या खाणीवर निघाली तेव्हा मामा म्हणाला, "बरा झालास की ये," आणि गेला. काकी खाणीवर मासळी विकायला यायची. झोपडीत कुणीतरी कण्हतंय हे ऐकून तिने डोक्यावरची पाटी उतरवली, मला रिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून तिच्या घरी. का नेलं, हा प्रश्न मला ताप उतरल्यावर पडला, आणि पडला तो घर करूनच बसला. तिचं माझं ना जात एक, ना गाव एक. फुकट कोण कुणासाठी एवढं करतं?

घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं, वाडीच्या टोकाला. काकीचा नवरा ट्रॉलरवर खलाशी, घरी आला की झोपायचा आणि उठला की पुन्हा पाण्यावर जायचा. मुलगा मुंबईला कंपनीत. म्हणजे घरात ती आणि मी. पहिले काही दिवस मला वाटायचं जवळून मोठा रस्ता जातोय आणि त्यावरून न थांबता ट्रक चालले आहेत, इतका तो समुद्राचा आवाज सारखा यायचा. पहाटे बंदरावर बर्फ फोडायचं यंत्र सुरू व्हायचं, मग लिलावाची ओरड, मग बोटींची इंजिनं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला मी, तिथं सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. कधी कुळथाची पिठी, कधी नुसती सुकट परतलेली. कोकमाचं आगळ मी पहिल्यांदा बघितलं ते काचेच्या बाटलीत, खिडकीत, उन्हाला ठेवलेलं. घट्ट, लालभडक. ते काय आहे हे विचारायचं धाडस मला बरेच दिवस झालं नाही. आज मीच माझ्या घरात ती बाटली त्याच तऱ्हेने खिडकीत ठेवतो आणि सोलकढीशिवाय मला जेवण जात नाही, पण तेव्हा त्या खिडकीकडं पाठ करून झोपायचो.

आणि मोटारसायकल. खळ्यात, म्हणजे आम्ही ज्याला अंगण म्हणतो तिथं, गोणपाट टाकून ती उभी असायची. मुलाने हौसेनं घेतली आणि मुंबईला जाताना ठेवून गेला. तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. काकीची मान आणि गुडघे पाटी वाहून वाहून बसले होते. एसटीत मासळीचं पाणी गळतं म्हणून कंडक्टर कटकट करायचा, रिक्षावाले लांबूनच हात हलवायचे. एक दिवस तिने कोंबड्या हाकलल्या, गोणपाट ओढलं आणि म्हणाली, "तू शिक ही. बंदरावर मासळी मी घेते, वरच्या गावांत तू फिरव. तुला पण चार पैसे, मला पण." मी गाडीकडं बघितलं, पण हात लावला नाही. माझा चुलता असाच एका मोटारसायकलवरून पडला होता, त्याला बैलगाडीत घालून आणलं होतं, आणि त्यानंतर तो कुणाला ओळखत नव्हता. शिवाय माझा संशय होताच. वाडीत एवढी पोरं, तिची स्वतःची भाचे मंडळी. पोटच्या पोराची गाडी ती परक्या मुलुखातल्या पोराच्या हातात का देईल? ज्याचं काही झालं तर विचारायला कोणी येणार नाही अशाच्याच हातात का?

शिकवायला शेजारचा बाळा तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, पण पाय मोडल्यापासून तो किनाऱ्यालाच लागला होता. पाय गेला तरी जीभ शाबूत होती. पहिल्या दिवशी म्हणाला, "चल रे, सड्यावर जाऊ." आमच्याकडं सडा अंगणात शेणाचा टाकतात. मी बादली घेऊन आलो. ते बघून तो जो हसायला लागला तो पुढचे चार दिवस वाडीभर सांगत सुटला. सडा म्हणजे तिथलं वरचं सपाट कातळाचं रान, लांबच लांब, शिकायला उत्तम. तिथं क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची, मी "आई" म्हणायचो आणि तांडेल दगडावर बसून म्हणायचा, "अरे, आवशीला कशाला हाका मारतंस, ती घाटावर हाय! ब्रेक दाब, ब्रेक!" मग मुलाचं हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं गेलं. तेव्हा तिथं हेल्मेट कोणी घालत नसे. बायका म्हणायच्या, "शेवंते, तुझ्या घाट्याच्या डोक्यावर मडकं कशाला उपडं केलंस?" काकी म्हणायची, "आत भरलेलं हाय ना, म्हणून."

सड्यावरून वाडीत उतरणारा रस्ता उभा होता, वळणावळणाचा, एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे रचलेलं कुंपण, आणि दुसऱ्या बाजूला खोल परसातली माडांची डोकी. अशा चढाला तिथं घाटी म्हणतात. घाटावरचा म्हणून मलाही घाटीच म्हणत. "घाट्याला घाटी कधी दाखवतंस?" असं तांडेल काकीला रोज विचारायचा. पण काकीने मला गाडीवर घाटी उतरू दिली नाही. गाडी तांडेल वरखाली करायचा, आणि मला ती रोज तिथून पायी न्यायची, स्वतः पुढं, पाटी डोक्यावर, आणि वळणावर थांबून बोट दाखवायची. हितं बारीक खडी साचते, पुढचा ब्रेक लावलास तर गेलास. हितं फणसाखाली शेवाळ, बारा महिने ओल. ह्या पायऱ्यांनी पोरं एकदम रस्त्यावर उडी टाकतात. हितं एसटी आपली बाजू सोडून येते, तुला ती दिसत नाय आणि तिला तू दिसत नायस. "समोर काय नसलं तरी हाय असं धर आणि हॉर्न मार. उतरताना गाडी गिअरात ठेव, ब्रेकवर जीव टाकू नको. इंजिन धरंल तुला." बर्फ वितळून गाडीच्या मागं बांधलेल्या मासळीच्या क्रेटातलं पाणी मागच्या चाकावर गळतं आणि चाक साबणासारखं होतं, म्हणून तिने क्रेटाखाली पत्र्याची ताटली बसवून घेतली आणि नळीने पाणी बाजूला सोडलं. हे सगळं मी ऐकायचो आणि रात्री अंथरुणात ती घाटी मनातल्या मनात उतरायचो. पण सगळ्यात वरच्या वळणावर ती एक गोष्ट करायची जी ती मला समजावून सांगत नसे. झाडाची एक डहाळी मोडायची, कडेच्या एका दगडावर ठेवायची आणि ओठ हलवायची. एकदा त्या हलत्या ओठांत मी माझं नाव ऐकलं.

मग ती संध्याकाळ आली. मी मागच्या दारी भांडी विसळत होतो, ती आणि तांडेल खळ्यात बसले होते. काकी म्हणाली, "पोराला भरल्या गाडीनं घाटीत सोडायच्या आधी राखण द्यायला होवी."

"रविवारी देऊया," तांडेल म्हणाला. "कोणाची देतंस?"

"शिदूचीच. दुसऱ्या कोणाची? त्याला जागेवाल्याच्या पायावर घालून टाकते. मग त्याचं तो बघंल."

"घाट्याला म्हायती हाय?"

"आधी कशाला सांगायचं? घाबरंल तो."

तांडेल हसला. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आमच्याकडं राखण करतात, पिकाची, गोफण घेऊन, माळ्यावर बसून. राखण देतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. द्यायची म्हणजे काहीतरी द्यावं लागणार, आणि काय द्यायचं ते तर तिने माझं नाव घेऊनच सांगितलं होतं. आईचं नाव, डहाळ्या, फुकटचा दवाखाना, परक्या पोराला गाडी, सगळं माझ्या डोक्यात एकाला एक जुळलं. भीतीला हिशेब फार चांगला जमतो. आजही माझी मुलगी स्कूटर घेऊन कॉलेजला निघाली की मी तिच्या टायरची हवा बघतो, ब्रेक दाबून बघतो, आणि तरी ती वळणाआड गेली की मनात एकाला एक जोडत बसतो. पण त्या वयात भीती खोटी असू शकते हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी काकी आणि तांडेल रिक्षाने पुढं गेले. रिक्षात एक कोयता, नारळ, पिशव्या आणि झाकलेली टोपली होती. जाताना काकी म्हणाली, "आंघोळ करून मागून चालत ये. सड्यावर रस्त्याच्या कडेला आंब्याचं झाड हाय ना, तिथं. आणि उपाशी ये हां, काय खाऊ नको." उपाशी! रिक्षा दिसेनाशी झाली तसे मी माझे कपडे चादरीत गुंडाळले आणि ते गाठोडं मोटारसायकलच्या क्रेटात कोंबलं. बेत असा होता की घाटी चढायची, त्या आंब्यापुढून सुसाट निघायचं, मिरजोळ्यावरून हातखंब्याला हायवे गाठायचा, तिथं पेट्रोल पंपावर गाडी लावून चावी देऊन टाकायची आणि कोल्हापूरकडं जाणारा ट्रक धरायचा. चोर म्हणवून घ्यायचं नव्हतं मला. जिवंत राहायचं होतं.

एकट्याने मी तोवर घाटीत चाक घातलं नव्हतं. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. पहिल्या वळणापर्यंत मला श्वास घेतल्याचं आठवत नाही. मग लक्षात आलं की मी तोंडाने बोलतोय. हितं खडी. हितं शेवाळ, कडेनं नको, मधून. पायऱ्या, हॉर्न. काकीच्याच सुरात, काकीच्याच शब्दांत, तिच्यापासून पळताना. सगळ्यात वरच्या वळणाआधी मी हॉर्न मारला, पहिला गिअर टाकला आणि समोर काही नसताना आहे असं धरून गडग्याला चिकटलो. आणि होतंच. चिऱ्यांनी भरलेला ट्रक सगळा रस्ता व्यापून उतरत होता. माझ्या हॉर्नवर त्याने ब्रेक लावला, फुस्स असा आवाज झाला. मी हाफ क्लचवर गाडी धरली, मागचा ब्रेक दाबला, एक पाय टेकला. ट्रकचं चाक माझ्या गुडघ्याजवळून गेलं, मडगार्डवरची तांबडी धूळ मला दिसली. ड्रायव्हरने खिडकीतून "शाब्बास रे" म्हटलं की शिवी दिली, ते कळलं नाही. गाडी बंद पडली नव्हती. मी पडलो नव्हतो. तो दगड आणि त्यावरची कालची सुकलेली डहाळी बाजूलाच होती. मी तिच्याकडं न बघता गिअर टाकला आणि सड्यावर निघालो. उघडा वारा अंगावर आला आणि क्षणभर मी पळून चाललोय हेही विसरलो.

आंबा दिसला. धूर दिसला. कोयता घेऊन तांडेल उभा होता. मी मान खाली घालून अॅक्सिलेटर पिळला, झाड मागं पडलं, आणि गाडी खोकली. पुन्हा खोकली. रिझर्व्हचा कॉक फिरवला, काही नाही. त्या उघड्या कातळावर, लपायला एक झुडूप नाही अशा जागी, ती हळूहळू थांबली. मागून तांडेल लंगडत आला, हातात कोयता तसाच. "आलास? गाडी पण आणलीस? बरं केलंस, तिची पण राखण होईल. पण एवढा पुढं कुठं निघालास?" मला पळताही येईना. त्याने गाडी वळवली, मी मुकाट्याने ढकलत त्याच्याबरोबर गेलो.

झाडाखाली शेंदूर फासलेला एक दगड, समोर केळीच्या पानावर भात, विडा, नारळ. टोपलीतून एक कोंबडा बाहेर काढलेला, पाय बांधलेला, माझ्याकडं एका डोळ्याने बघत होता. काकीने मला हाताला धरून दगडापुढं उभं केलं, पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्याने बोलू लागली. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. देवाशी समोरासमोर बोलतात तिथं, शेजाऱ्याशी बोलल्यासारखं.

"बा जागेवाल्या म्हाराजा! हा शिदू, जतेकडचा. आवशीचं नाव मळवा. ती थयसून, एवढ्या लांबून, ह्याच्याकडं बघू शकत नाय, म्हणून तिच्या जागी मी उभी हाय. ह्याला आज तुझ्या पायावर घातलाय. तुझी राखण, ती आज हा देतोय, ह्याच्या नावानं. ह्या घाटीत ह्याचं चाक सरळ ठेव. समोरून येणाऱ्याला बुद्धी दे. कोणी ह्याच्याबद्दल वाकडं बोललं असंल तर त्याचं तोंड गोड कर, आणि ह्याच्या मनात काय वाकडं असंल तर ते पण सरळ कर!"

"व्हय म्हाराजा!" तांडेल गरजला, आणि मला कोपराने ढोसलं. "बोल की रे!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आणि तेव्हा उलगडलं. कोंबडा द्यायचा होता. त्या जागेची राखण करणाऱ्याला, म्हणजे जागेवाल्याला, वर्षातून एकदा द्यायचा, त्याचं नाव राखण, आणि ती यंदा माझ्या नावाने होती. वळणावरची डहाळी त्याच्यासाठी. आईचं नाव त्यासाठी. उपाशी त्यासाठी.

मग मी रडलो. तांडेल म्हणाला, "आता काय झालं ह्याला?" मी कसंबसं सांगितलं की मला वाटलं तुम्ही मलाच देताय. मग तांडेलाने कोयता खाली ठेवला आणि तो हसत हसत कातळावर बसला. "ह्याला? अगो शेवंते, ह्याला? ह्याच्या अंगावर हाय काय! कोंबड्याला तरी मांस हाय!" काकी हसली नाही. ती गाडीपाशी गेली, क्रेटातलं गाठोडं तिने बाहेर ओढलं, त्यातली माझी विजार उचलून बघितली.

"हे काय, बोंबील म्हणून विकायला नेत होतास?"

मी तिच्या हातून विजार घेतली आणि गाठोड्यात ठेवली.

"हायवेला चालला होतास."

"व्हय."

ती बराच वेळ गाठोडं पुन्हा बांधत बसली, माझ्यापेक्षा नीट. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला पण तुझा भरवसा नव्हता. परक्या मुलखातलं पोर, गाडी घेऊन एक दिवस जाईल असं वाटायचं. म्हणून रोज टाकीतलं पेट्रोल काढून बाटलीत ठेवायचे. सड्यापर्यंत पुरंल एवढंच ठेवायचे." आणि पिशवीतून एक बाटली काढून तिने माझ्यापुढं कातळावर ठेवली. "जागेवाल्याच्या पुढ्यात खोटं कशाला बोलू? हे घे. हायवे तिकडं, घर हिकडं. दोन्हीकडं पुरंल."

मी पेट्रोल टाकीत ओतलं. थोडं सांडलं. मला आभार मानता येत नव्हते, आजही नीट येत नाहीत. ती ज्या पोराला रिक्षात घालून घेऊन गेली त्याच्याविषयी तिला रोज शंका होती, आणि तरी रोज तिने मला जेवायला वाढलं होतं, हे मला तिथं उभं राहून कळत होतं. मी किक मारली, गाडी घराकडं तोंड करून उभी केली आणि म्हणालो, "बसा, काकी."

"मी?" ती दोन पावलं मागं सरली. मला तेव्हा समजलं की घाटीचा एकेक खडा मला दाखवणारी ही बाई मोटारसायकलवर कधीच बसलेली नव्हती. पोटच्या पोराच्या मागंही नाही. "माझे पाय हायत अजून," ती म्हणाली. तांडेल ओरडला, "बस की गो! कोंबडा मी आणतो, रिक्षानं!" तिने पदर कमरेला खोचला, देवाच्या दगडाकडं एकदा बघितलं आणि एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसली. माझा शर्ट तिने मागून असा मुठीत धरला की गळा आवळला.

सड्यावर ती गप्प होती. घाटीच्या तोंडाशी मी थांबलो, दुसऱ्या गिअरातून पहिल्यात आणली, आणि आम्ही उतरू लागलो. मी बोलत होतो, "हितं पायऱ्या, हितं शेवाळ," आणि मागून ती दर वेळी "व्हय" म्हणत होती, बारीक आवाजात, जणू हा रस्ता ती पहिल्यांदा बघत होती. दोनतीन वळणांवर मी मान वळवून बघितलं. ती होती. डोळे अर्धे मिटलेली, पण होती.

वाडीत गाडी थांबली तशी ती उतरली. गडग्याला धरून ती थोडा वेळ उभी राहिली, पदर सोडला, नीट केला. बायका बघायला बाहेर आल्या होत्या.

"उद्या टाकी भरून घे, फुल," ती म्हणाली. "उतरलास बरा. पण वळणावर मान वळवून मागं काय बघत होतास रे सारखा? मी काय पळून जात होते काय?"